वापरलेली पोर्शे केमन घेतोय. एक्स्टेंडेड वॉरंटीचे ४,८०० डॉलर द्यावेत का?

एडिसनकर
मंडळी, वय ४६, न्यू जर्सीत सतरा वर्षं झाली. आजवर कॅमरी आणि मग सिएना, म्हणजे सज्जन माणूस. मुलगी कॉलेजला गेली आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेला किडा वर आला. २०१५ची पोर्शे केमन एस बघून ठेवली आहे, पीडीके गिअरबॉक्स (पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक), ४६ हजार मैल, ४९ हजार डॉलर. विकणारा पोर्शेचा डीलर नाही, हायवेवरचा साधा वापरलेल्या गाड्यांचा आहे.

कागदांवर सह्या करायच्या वेळी फायनान्सवाल्याने एक रंगीत पत्रक पुढे सरकवलं. तीन वर्षं किंवा ३६ हजार मैल, ४,८०० डॉलर, शिवाय दर दुरुस्तीला २०० आपल्या खिशातून. "सर, हप्त्यात फक्त शंभर वाढतील." उद्या विचार करून सांगतो म्हणून उठलो. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय. बायकोचं मत विचारू नका, तिचा मुळात गाडीलाच विरोध आहे.

खवचट_काका
अभिनंदन आणि सांत्वन, दोन्ही एकदम. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा मसाला. कर्ज किती वर्षांचं? पाच असणार, कारण त्याशिवाय "फक्त शंभर" जमत नाही. आठ टक्क्यांनी ४,८०० चे साधारण ५,८४० होतात. वॉरंटी तीन वर्षांत संपणार, हप्ता पुढे दोन वर्षं चालू. गेलेल्या म्हशीच्या पेंडीचं बिल भरत बसायचं.

एडिसनकर
पाचच. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

डेट्रॉइटची_मामी
काकांचं गणित बरोबर, सल्ला चूक. माझ्याकडे २०१३ची बॉक्स्टर आहे, म्हणजे केमनचीच उघड्या टपाची बहीण, तोच पीडीके. तिसऱ्या वर्षी एका सकाळी ड्राइव्हवेमधून रिव्हर्स घ्यायला गेले तर डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचा इशारा आणि रिव्हर्स पडेचना. नवऱ्याने ढकलून गाडी रस्त्यावर आणली, शेजारी खिडकीतून बघतायत. खराब काय झालं होतं? आतला एक सेन्सर, जो गिअरचे दांडे कुठे आहेत ते मोजतो. बोटभर वस्तू. पण डीलर म्हणाला, आम्ही हा बॉक्स उघडत नाही, पूर्ण बदलतो. अंदाजपत्रक १८ हजारांच्या वर. माझा करार होता, मी २५० भरले आणि घरी आले. आता मला सांगा, कोंबडी कोणाची आणि मसाला कोणाचा?

नटबोल्ट
मामींची गोष्ट पटते, मी अशा गाड्या पाहिल्यात (पेनसिल्व्हेनियात स्वतंत्र गॅरेज आहे, त्यामुळे माझा स्वार्थ आधीच सांगून ठेवतो). फक्त हा सेन्सर आता काही स्वतंत्र गॅरेजवाले बॉक्स खोलून बदलतात आणि तो खर्च पूर्ण बॉक्सच्या मानाने बराच कमी येतो. त्यामुळे "गेला तर अठरा हजार" ही भीती डीलरकडेच जाणाऱ्यांसाठी.

दुसरं, जुन्या बॉक्स्टर आणि ९९६ मॉडेलच्या ९११ मधल्या आयएमएस (इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टच्या) बेअरिंगच्या भयकथा कोणी इथे आणू नका. २००९पासूनच्या नव्या इंजिनात तो इंटरमीडिएट शाफ्टच नाही. केमन एसचं ३.४ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन दणकट आहे. पुढच्या पिढीत, म्हणजे ७१८ मध्ये, चार सिलिंडर आणि टर्बो आले, म्हणून तर लोक ही पिढी शोधत फिरतात.

खवचट_काका
मामी, तुमचा दावा मंजूर झाला हे ऐकून आनंद वाटला. पण लॉटरी लागलेली माणसंच मुलाखती देतात. आधी "वॉरंटी" हा शब्दच काढा. फेडरल ट्रेड कमिशनचं (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) म्हणणं स्पष्ट आहे: वॉरंटी गाडीच्या किमतीत येते, वेगळे पैसे मोजून घेता तो सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट. नाव चांगलं वाटावं म्हणून वॉरंटी म्हणतात. हाच कमिशन २०२४ मध्ये असेच करार विकणाऱ्या कारशील्ड कंपनीच्या फसव्या जाहिरातींच्या मागे लागला आणि त्यांना एक कोटी डॉलर मोजावे लागले. आणि ते फोन विसरलात? "आपल्या गाडीच्या वॉरंटीबद्दल आम्ही संपर्क करायचा प्रयत्न करतोय." त्या टोळीला दूरसंचारवर नजर ठेवणाऱ्या एफसीसीने २०२३ मध्ये जवळजवळ तीस कोटी डॉलरचा दंड ठोठावला.

डेट्रॉइटची_मामी
फोनवाले चोर होते म्हणून सगळा धंदाच चोरीचा? पुण्यात खोटे भविष्यवाले आहेत म्हणून पंचांग कोणी फेकून देत नाही.

खवचट_काका
मी फेकलंय.

विन्या_सनीव्हेल
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पण मुद्द्याचं कोणी विचारत नाहीये: कराराचा प्रकार कोणता? एकात "खालील भाग कव्हर" अशी यादी असते, यादीत नाव नाही तर पैसे नाहीत. दुसऱ्यात उलटं, "खालील भाग सोडून सगळं". माझ्या ऑडीला पहिला प्रकार होता. यादीत "वॉटर पंप" होता, तो गेला. त्याला जोडलेला प्लॅस्टिकचा थर्मोस्टॅट हाउसिंग यादीत नव्हता. ८०० डॉलर.

आणि गॅरेजवाल्यांना उघडून बघायची परवानगी आपण द्यायची असते. उघडल्यावर कंपनी म्हणाली की हे झिजेमुळे झालंय, तर खोलण्याची मजुरी आपली, जोडण्याचीही आपली. आत हात घालेपर्यंत कळत नाही, आणि हात घातला की मीटर चालू.

नटबोल्ट
+१. हे मी रोज बघतो. गाडी लिफ्टवर, गिऱ्हाईक फोनवर, कंपनीचा इन्स्पेक्टर दोन दिवसांनी येणार. शिवाय मजुरीचा ताशी दर ते ठरवतात. माझा १८५, त्यांनी मंजूर केला १४०, वरचे ४५ कोण भरतं ते सांगायला नको. क्लच, ब्रेक, टायर कधीच नाहीत. ट्रॅकवर नेली आणि कोणी फोटो टाकला तर विसराच.

एडिसनकर, सह्या करण्याआधी स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी करून घेतलीत का? पाचशेच्या आसपास खर्च येईल. मला विचाराल तर तीच तुमची वॉरंटी.

सदाशिव_पेठी
इकडे भारतात कंपनीची एक्स्टेंडेड वॉरंटी बहुतेक मूळ वॉरंटी चालू असतानाच घ्यावी लागते, त्यामुळे सेकंडहँड जर्मन गाडीला हा प्रश्न सुटतो, म्हणजे उत्तर मिळतं: नाही. आमचं संकट वेगळं. जुलैत भुयारी पुलाखाली साचलेल्या पाण्यात गाडी घातली आणि इंजिनाने पाणी प्यायलं, तर ना वॉरंटी ना साधा विमा. इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. गाडी लो असेल तर पावसाळ्यात घरीच. चालू द्या तुमचं.

डेट्रॉइटची_मामी
सगळे म्हणतात, ते पाच हजार वेगळ्या खात्यात ठेवा, तीच आपली वॉरंटी. किती जणांनी ठेवलेत? आमच्या घरी अशा खात्यातून डिसेंबरची मुंबईची चार तिकिटं निघाली. दरमहा शंभर गेलेले मला झेपतात, एका मंगळवारी अठरा हजार गेलेले झेपत नाहीत. हे गणित नाही, स्वभाव आहे. ज्याला झोप विकत घ्यायची आहे त्याला घेऊ द्या ना.

आणि झोपच हवी असेल तर पोर्शेच्याच डीलरकडून अप्रूव्हड, म्हणजे कंपनीने तपासून वॉरंटीसकट विकलेली, वापरलेली गाडी बघा. दोन वर्षं, मैलांची मर्यादा नाही, आणि भांडायला समोर खुद्द कंपनी. चार-पाच हजार जास्त पडतील, पण ते गाडीत जातील.

खवचट_काका
प्रथमच मामींशी सहमत. तारीख लिहून ठेवा.

एडिसनकर
अपडेट. काल नटबोल्ट यांचं ऐकून तपासणी करून घेतली. मेकॅनिकने मला गाडीखाली बोलावलं आणि टॉर्च मारून वॉटर पंपाजवळ दाखवलं: गुलाबीसर पांढरी पापडी, भिंतीला ओल आली की मीठ फुटतं तशी. कूलंट झिरपून वाळतंय. आज मोठं नाही, पण आहे. रिपोर्टवर तारखेसकट लिहिलं.

रिपोर्ट घेऊन डीलरकडे गेलो. कराराची पूर्ण प्रत मागितली (पत्रक नव्हे), तर वीस मिनिटं शोधत होता. बत्तीस पानं. एकोणिसाव्या पानावर "खरेदीपूर्वी अस्तित्वात असलेला कोणताही दोष" वगळलेला. म्हणजे ज्या पंपासाठी मी वॉरंटी घेतली असती, तो पहिल्याच दिवशी बाहेर. पंप बदलून द्या म्हटलं, कुरकुर करत कबूल झाला. वॉरंटी नको म्हणून उठायला लागलो तर किंमत ४,८०० वरून ३,१०० वर आली. मी अजून काही बोललोही नव्हतो.

डेट्रॉइटची_मामी
३,१०० ला घ्या. पण हप्त्यात नको, रोख. आणि वगळलेल्या भागांची यादी पंपाशिवाय परत एकदा वाचा, पीडीके आत आहे ना ते बघा.

खवचट_काका
अहो, दहा मिनिटांत सतराशे डॉलर सोडणारा माणूस तुम्हाला काय विकत होता, ते कळलं ना?

एडिसनकर
पीडीके आत आहे. पण "आतील सील व सेन्सर" तळटीपेत वगळलेत. मामी, तुमच्या करारात ही तळटीप होती का?

डेट्रॉइटची_मामी
थांबा, फाइल वर माळ्यावर आहे. बघते.