वाणसामान ऑनलाइन मागवावं की दुकानातून आणावं? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सी-४०२ : ग्रुपकडून एक निकाल हवाय. आमच्या घरात दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो, अ‍ॅपवर सगळ्यावर सूट असते, दुकानात जाणं म्हणजे वेळेचा आणि पैशांचा चुराडा. दुसरा म्हणतो, अ‍ॅप आल्यापासून महिन्याचा खर्च वाढलाय. कोण कुठल्या पक्षात आहे ते सांगणार नाही. पण वाणसामान ऑनलाइन मागवलं तर खरंच स्वस्त पडतं का?

बी-२०३ : पडतं. विषय संपला.

सी-३०१ : तुला पडत असेल रे बाबा, एकटा जीव. घर चालव आणि मग बोल.

बी-२०३ : काकू, उलट माणसं जास्त असली की बिल मोठं होतं आणि मोठ्या बिलावर कूपन लागतं.

ए-१०१ : सी-४०२, आधी एक विचारतो. तुलना कशाची चाललीय? एका वस्तूच्या किमतीची, एका बिलाची, की महिन्याच्या खर्चाची? तिन्हींची उत्तरं वेगळी येतात. घरात वाद होतो तो यामुळेच. एक जण साबणाच्या वडीबद्दल बोलत असतो आणि दुसरा महिन्याबद्दल. दोघंही बरोबर असू शकतात.

सी-४०२ : काका, हे वाचून घरात हशा पिकला. अगदी असंच चाललंय.

ए-१०१ : मग वस्तूपासून सुरुवात करू. अल्बर्टो काव्हालो या अर्थशास्त्रज्ञाचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. १० देशांतले ५६ मोठे विक्रेते, सगळे असे की ज्यांची दुकानंही आहेत आणि ऑनलाइन विक्रीही. तीच वस्तू दोन्हीकडे ताडून पाहिली, तर साधारण ७२ टक्के वेळा किंमत तंतोतंत सारखी निघाली.

बी-२०३ : म्हणजे फरक नाहीच.

ए-१०१ : एकाच विक्रेत्याच्या दोन दारांत फारसा नाही, एवढंच त्यातून निघतं. त्यात किराण्याखेरीज बाकीचा मालही होता. तुझं अ‍ॅप एका मालकाचं आणि काकूंचं दुकान दुसऱ्या मालकाचं, त्यांना हा आकडा लावता येत नाही. पण ‘ऑनलाइन आहे म्हणजे स्वस्तच असणार’ हा समज मात्र त्याने ढिला होतो.

सी-३०१ : मला तर पाकिटाचाच संशय येतो. दुकानात एक किलोचं मिळतं, तेच अ‍ॅपवर ९०० ग्रॅमचं. फोटो सारखाच. किंमत कमी दिसली की माणूस खूश.

बी-५०४ : काकूंनी नेमकं धरलं. माझं काम या धंद्याच्या मागच्या बाजूला, गोदामात आहे म्हणून सांगतो. काही कंपन्या ऑनलाइनसाठी पाकिटाचे आकारच वेगळे काढतात. मग थेट तुलना करता येत नाही. किलोमागे किंवा लिटरमागे काय दर पडतो तेवढंच बघायचं. अ‍ॅपवर तो असतो, पण बारीक अक्षरात. आणि यादी उघडल्यावर सगळ्यात वर जे दिसतं ते स्वस्त म्हणून वर आलेलं असतं असं मुळीच नाही. ती जागा बऱ्याचदा कंपनीने पैसे मोजून घेतलेली असते. क्रम बदलून ‘किंमत कमी ते जास्त’ लावला तरी त्यात छोटी पाकिटंच वर येतात, दराने स्वस्त असलेली नाही.

बी-२०३ : दुकानातही डोळ्यासमोरच्या फळीसाठी कंपन्या पैसे देतातच की.

बी-५०४ : देतात. म्हणून तिथे खाली वाकून बघायचं. अ‍ॅपमध्ये तळाशी जायला बोट दुखेपर्यंत सरकवावं लागतं.

सी-४०२ : आणि सूट? ‘३० टक्के सूट’ असं लाल अक्षरात असतं ते?

ए-१०१ : कशावर सूट, ते विचारायचं. खोडलेली किंमत असते ना, त्या किमतीला ती वस्तू बाजारात खरोखर कोणी विकत असतं का? बऱ्याच वस्तू दुकानातही त्या आकड्याच्या खालीच मिळतात. सुटीचा टक्का वाचूच नये, हाती पडणारा दर वाचावा. पहिल्या ऑर्डरीची सवलत तर हिशेबातच धरू नका, ती तुम्हाला आत ओढण्यापुरती असते.

बी-२०३ : मान्य. पण काका, दुकानात जायला पेट्रोल लागतं, पार्किंग लागतं, अर्धी सुट्टी जाते. ते कोण मोजणार?

ए-१०१ : मोजायलाच हवं. फक्त खरं मोजायचं. कामावरून येताना दुकान वाटेतच असेल तर पेट्रोलचा खर्च शून्य. मुद्दाम गाडी काढून लांबच्या मोठ्या दुकानात जात असाल आणि दोन पिशव्या घेऊन येत असाल, तर मात्र अ‍ॅप सहज जिंकतं. वेळेचंही तसंच. वाचलेल्या वेळात तुम्ही कमावणार असाल तर तो पैशात धरा. रील बघणार असाल तर आराम म्हणा, बचत म्हणू नका.

बी-२०३ : हा टोला मला होता.

ए-२०२ : थोडं वेगळं मांडते. आमच्याकडे सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, त्यांना एकटं सोडून मला बाहेर पडता येत नाही. मला घरपोच सामान ही चैन नाही. दुकानात जायचं तर आधी त्यांच्याजवळ बसायला माणूस शोधायचा. त्याच्यापुढे ते शुल्क काहीच नाही. तेव्हा ‘आळशी लोक मागवतात’ असं सरसकट कोणी म्हणू नये ही विनंती.

सी-३०१ : नाही गं, तुला कोण म्हणेल. आणि कधी अर्धा तास बसायला लागलं तर मला हाक मार.

ए-२०२ : थँक यू काकू.

बी-५०४ : आता शुल्काचा विषय निघालाच आहे तर जरा लांबण लावतो. पूर्वी ग्राहक काउंटरसमोर उभा राहून यादी सांगायचा आणि दुकानदाराची माणसं माल काढून, मोजून, बांधून द्यायची. १९१६ मध्ये अमेरिकेत मेम्फिस इथे क्लॅरेन्स सॉन्डर्सने पिग्ली विग्ली नावाचं दुकान काढलं, आणि तिथे गिऱ्हाइकानेच फळ्यांमधून फिरून माल उचलायचा अशी पद्धत आणली. नोकर कमी लागले, माल स्वस्त विकता आला. सगळी सुपरमार्केटं त्याच वाटेने गेली. म्हणजे दुकानात आपण टोपली घेऊन फिरतो तेव्हा दुकानाचं अर्धं काम आपणच फुकट करत असतो. ऑनलाइनमध्ये ते काम पुन्हा त्यांच्याकडे जातं. कोणीतरी गोदामात चालत जाऊन माल वेचतो, कोणीतरी पिशव्या भरतो, कोणीतरी तुमच्या मजल्यापर्यंत येतो. किराण्यात नफ्याचा टक्का मुळातच बारीक. मग या तिघांचा पगार येतो कुठून?

सी-४०२ : गुंतवणूकदारांकडून?

बी-५०४ : काही काळ, हो. वेबव्हॅन नावाच्या अमेरिकन कंपनीने तसं करून पाहिलं, प्रचंड पैसा ओतला आणि २००१ मध्ये दिवाळं काढलं. त्यामुळे आज ना उद्या तो खर्च कुठे ना कुठे निघतोच. वस्तूच्या किमतीत, डिलिव्हरी शुल्कात, हाताळणी शुल्कात, छोट्या ऑर्डरीच्या शुल्कात, गर्दीच्या वेळेच्या शुल्कात, नाहीतर जाहिरातीत. गंमत अशी की एक ऑर्डर वेचून पोचवायचा खर्च ती छोटी असो की मोठी, फार बदलत नाही. माझं मत विचाराल तर अ‍ॅप की दुकान हा प्रश्न दुय्यम आहे. महिन्यात किती वेळा मागवता यावर सगळं ठरतं. एकदाच यादी करून जड सामान मागवणाऱ्याला ऑनलाइन परवडतं. दर दोन दिवसांनी बिस्किटाचा पुडा मागवणाऱ्याला ते कधीच परवडत नाही, मग त्या पुड्यावर कितीही सूट असो.

बी-२०३ : पण माझ्याकडे मेंबरशिप आहे. डिलिव्हरी फुकट.

ए-१०१ : मेंबरशिपचे पैसे भागिले ऑर्डरींची संख्या, ते तुझं खरं डिलिव्हरी शुल्क. आणि ती वसूल करायच्या नादात ऑर्डरी वाढल्या असतील तर ते वाढीव सामानही त्याच खात्यात टाक. फुकट डिलिव्हरीवर हाताळणी शुल्क वेगळं लागतं का, तेही बघ.

बी-२०३ : बघतो. … लागतंय.

सी-३०१ : आणि ते ‘अजून एवढ्याचं घ्या, डिलिव्हरी मोफत’?

ए-१०१ : त्याला साधा नियम. पुढच्या पंधरवड्यात लागणारच असलेली, टिकणारी वस्तू टाकून मर्यादा गाठता येत असेल तर गाठा. नसेल तर मुकाट्याने शुल्क भरा, तेच स्वस्त. शुल्क वाचवायला त्याच्या दुप्पट किमतीचं नको असलेलं काहीतरी घेणं हा कुठला शहाणपणा!

सी-४०२ : हे आमच्या दोन्ही पक्षांना लागू आहे, नोंद घेतली.

बी-२०३ : आता दुकानाची उणीदुणी पण काढा. नाहीतर मी एकटाच आरोपी. दुकानात पोरं बरोबर असतात, पोट रिकामं असतं, पैसे द्यायच्या रांगेत दोन्ही बाजूंना चॉकलेटं. ट्रॉली भरत जाते आणि बेरीज किती झाली ते शेवटी कळतं. अ‍ॅपमध्ये आकडा सतत समोर असतो. जास्त झालं की दोन वस्तू काढून टाकायच्या, कोणी बघत नाही. काउंटरवर माल परत ठेवायला आपल्याला लाज वाटते.

सी-३०१ : हे मात्र खरं बोललास.

ए-१०१ : शंभर टक्के खरं. ऑनलाइनचा मोठा फायदा मला तरी तोच वाटतो, सूट नव्हे. फक्त त्याला एक अट आहे. मिल्कमन, रॉजर्स आणि बेझरमन यांनी एका ऑनलाइन किराणा कंपनीच्या ऑर्डरी तपासल्या होत्या, २०१० चा अभ्यास. ऑर्डर देणं आणि सामान येणं यात जितके जास्त दिवस, तितका लोकांचा खर्च कमी, भाजीसारख्या कामाच्या गोष्टी जास्त आणि चटकमटक कमी. लगेच येणार म्हटलं की जीभ यादी करते.

बी-५०४ : म्हणून तर दहा मिनिटांत पोचवायची एवढी घाई. लोकांना गरजेपेक्षा लहर जास्त वेळा येते.

सी-४०२ : काका, तुमच्याकडे अभ्यासांची फाइल आहे का?

ए-१०१ : निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, मी हे करतो.

सी-३०१ : भाजी-फळांचं कोणी बोलत नाहीये. मी ती हातात घेऊन बघितल्याशिवाय घेत नाही. मागवलेलीतली निम्मी कच्ची नाहीतर निम्मी पिकून गळायला आलेली. फेकलं ते पैशात धरा ना.

बी-५०४ : वेचणाऱ्याला एका ऑर्डरीला काही मिनिटंच मिळतात, तो तुमच्यासारखा चाचपून बघणार नाही. खराब निघालं तर लगेच फोटो काढून तक्रार टाका, बहुतेकदा पैसे परत मिळतात. पण ते बँकेत आले की अ‍ॅपच्याच वॉलेटमध्ये, ते बघा. वॉलेटमध्ये आले तर ते पुढच्या ऑर्डरीचं आमंत्रण समजा. आणि ‘वस्तू नसेल तर पर्यायी पाठवा’ हे बंद करून ठेवा, नाहीतर तुम्ही दराने निवडलेली वस्तू जाते आणि दुसरीच येते.

ए-२०२ : हे बंद करता येतं हे मला माहीतच नव्हतं. केलं.

सी-३०१ : शिवाय मुदत संपत आलेला माल दुकानात उतरत्या भावाने लावतात. आज-उद्या वापरायचा असेल तर त्याच्यासारखं स्वस्त काही नाही.

ए-१०१ : सी-४०२, तुम्हाला निकाल हवाय ना? एक करा. नेहमीची यादी घ्या. ज्या गोष्टी तुम्ही खरोखर घेता त्याच, ब्रँडसकट. अ‍ॅपवर कार्टमध्ये टाका आणि पैसे भरायच्या पानापर्यंत जा, कारण काही शुल्कं तिथेच उगवतात. भरू नका. दुकानातली दरपत्रकं बघून तीच यादी किलो-लिटरच्या दराने मांडा.

सी-४०२ : दुकानाची मागची पावती घरात आहे, थांबा.

सी-४०२ : झालं. नुसत्या वस्तूंची बेरीज अ‍ॅपवर कमी. भरायची रक्कम जास्त. पण त्यात एक गोम आहे. कोरडं सामान आणि साफसफाईचं एकत्र मोठ्या पाकिटात घेतलं तर अ‍ॅप सगळी शुल्कं धरूनही खाली राहतं. भाजी, फळं आणि सुटं काही आत आलं की वर जातं. आणि चार वस्तू जुळवताच आल्या नाहीत, पाकिटं वेगळी.

बी-२०३ : म्हणजे दोन्ही पक्ष जिंकले?

सी-४०२ : एक पक्ष म्हणतो तोच जिंकला. दुसराही तेच म्हणतो.

बी-५०४ : मग जड कोरडं सामान मजल्यावरच्या घरांनी मिळून मागवा की. एक ऑर्डर, एक शुल्क, आणि मर्यादा गाठायला कोणाला काही जादा घ्यावं लागत नाही.

ए-२०२ : मी आहे यात.

सी-३०१ : मीही. भाजी सोडून.

सेक्रेटरी : चालेल, पण सामान गेटवर साचवायचं नाही. वॉचमनचं काम माल सांभाळणं नाही. ज्याने ऑर्डर दिली त्याने खाली येऊन घ्यायचं.

सी-४०२ : शुल्क कसं वाटायचं? सगळ्यांनी समान?

ए-१०१ : बिलाच्या प्रमाणात. ते न्याय्य.

सी-३०१ : म्हणजे महागाची एक छोटी बाटली घेणारा जास्त भरणार आणि पोतंभर धान्य घेणारा कमी? पोतं वर कोण चढवणार?

ए-१०१ : … बरं, समान.

बी-२०३ : पोतं मी चढवतो. माझं शुल्क माफ करा.