दर आठवड्याला आपली आवड दुसऱ्यांना पाठवावी का?

कानसेन (धागाकर्ता):
मी दर आठवड्याला मित्रमंडळींना चार गोष्टी पाठवतो, काहीतरी ऐकायला, एक वाइन, एक कविता आणि डोक्यात घोळत असलेला एखादा विचार. हल्ली दोघातिघांनी तोंडावर सांगितलं की हा मिरवण्याचा प्रकार आहे, गाणी काय, अ‍ॅप पण सुचवतंच की. मला हे अजिबात पटत नाही. स्पॉटिफायचं डिस्कव्हर वीकली 2015 पासून दर सोमवारी 30 गाणी देतं, चांगली देतं, पण तुमच्यासारखी आवड असणाऱ्यांच्या प्लेलिस्टवरून अंदाज बांधतं आणि थांबतं. माणूस कारण सांगतो. बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स, म्हणजे एका मूळ रचनेची वेगवेगळी रूपं, पियानोवादक ग्लेन गूल्डने 1955 ला रेकॉर्ड केली आणि परत 1981 ला. मी एवढंच लिहिलं होतं की दोन्हीतली फक्त सुरुवातीची आरिया, म्हणजे ती मूळ रचना, लागोपाठ ऐका, पहिली दोन मिनिटांच्या आत संपते, दुसरीला तीन लागतात, तेच सूर, तोच माणूस, मधे 26 वर्षं. हे ऐकून एकाने रात्री फोन केला आणि आम्ही तासभर बोललो. अजून काय पाहिजे?

द्राक्षवेल:
संगीताचं मान्य. वाइनचं नाही. रेकॉर्डिंग सगळीकडे तेच असतं हो, बाटली नसते, साल बदललं की चव बदलते, जास्त थंड केली की वास दबतो, आणि ग्लासात पहिल्या घोटाला जी असते ती अर्ध्या तासाने राहत नाही. त्यात तुम्ही आधीच वर्णन पाठवता. 2001 साली प्रसिद्ध झालेला फ्रान्समधला एक प्रयोग आहे, वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढऱ्याच वाइनमधे वास नसलेला लाल रंग घालून दिली तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेल्या लोकांचं नाक नुसत्या रंगाने फिरतं, मग तुमची चार वाक्यं वाचून बसलेला माणूस स्वतःचं काय चाखणार? तो तुमचीच वाक्यं चाखणार.

आडवाट:
त्याला उलटं उदाहरण आहे. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1757 च्या रसिकतेवरच्या निबंधात डॉन किहोते या कादंबरीतली गोष्ट घेतलीय. दोघं एकाच पिंपातली वाइन चाखतात, एक म्हणतो छान आहे पण चामड्याची चव लागते, दुसरा म्हणतो लोखंडाची. लोक दोघांना हसतात. पिंप रिकामं केल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सापडते. म्हणजे दुसऱ्याने सांगितलेली चव दर वेळी त्याच्या मनातलीच असते असं नाही, खरंच आत असलेली पण आपल्याला न लागलेली असू शकते! म्हणूनच कोणीतरी बोट दाखवावं लागतं.

संथवाचक:
सगळे वाइनवरच अडकलात, माझा आक्षेप "दर आठवड्याला" या शब्दांवर आहे. कविता आठवड्यात पचत नाही. मला काही कविता पहिल्या वाचनात नुसत्या गोड वाटल्या आणि खूप नंतर, आयुष्यात काहीतरी घडून गेल्यावर, त्यातली एखादी ओळ अंगावर आली. तुमचं वेळापत्रक सांगतं की सोमवार आला, नवीन शोधा, मग माणूस पाठवण्यासाठी वाचायला लागतो आणि वाचतानाच मनात दोन ओळींची शिफारस तयार होत असते. विचारांचं तर त्याहून वाईट, विचार चार ओळीत बसवला की त्याची घोषणा होते, त्याला शंका विचारायला जागाच उरत नाही.

कानसेन:
@संथवाचक उलट वेळापत्रक नसेल तर मी काहीच पाठवणार नाही, कामाच्या रगाड्यात सगळं राहून जातं आणि ऐकणं पण बंद पडतं. आठवड्याचा नेम आहे म्हणून मी लक्ष देऊन ऐकतो. @द्राक्षवेल, हे घेतो, बाटलीचं नाव न देता द्राक्ष आणि प्रकार सांगेन, म्हणजे ड्राय (गोड नसलेली) रीसलिंग, भरपूर आम्लता, फार गार नको, आणि चवीचं वर्णन दोन दिवसांनी वेगळं पाठवेन.

साधंपाणी:
वाइनबद्दल अजून एक, यादीत कोणीतरी दारू सोडलेलं असू शकतं आणि ते तुम्हाला कधी सांगणार नाही. विचारून पाठवा. ज्याला नको त्याला उरलेल्या तीन गोष्टी पुष्कळ आहेत.

आडवाट:
+1. आणि गूल्डबद्दल भर घालतो, अख्खं 1981 चं रेकॉर्डिंग साधारण 51 मिनिटांचं आहे आणि 1955 चं 38, पण ते सगळं संथपणामुळे नाही, 1981 ला त्याने बऱ्याच व्हेरिएशन्समधे पहिला भाग परत वाजवलाय जो आधी वाजवला नव्हता. हे मला कोणी सांगितलं नसतं तर मी नुसते आकडे बघून चुकीचं मत घेऊन बसलो असतो.

संथवाचक:
नेम हवा हे समजलं, पण मग नेमाने नवीनच का? महिन्यातून एकदा तरी जुनीच कविता परत पाठवा, तीच, आणि तेव्हा काय लिहिलं होतं आणि आज त्यातलं काय टिकलं नाही ते खाली लिहा. अशी यादी असेल तर मी वाचेन. नुसती नवीन नावं येत राहिली तर मी त्यातलं काही उघडणार नाही, आणि तुमचे निम्मे मित्र पण उघडत नसतील.