ओव्हनमधले ॲपल सायडर डोनट म्हणजे "पथ्याचं खाणं"? अजिबात नाही!

दालचिनी
परवा या फोरमवर एकांनी लिहिलं, "फॉलमध्ये (पानगळीच्या दिवसांत) घरी ओव्हनमध्ये ॲपल सायडर डोनट करणं म्हणजे एअरफ्रायरमधला बटाटेवडा. पथ्याचं खाणं. सफरचंदाच्या बागेत जा, तळणीच्या घाण्यातून निघालेला गरम खा, नाहीतर करूच नका." त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. ते वाचून माझं डोकं जे फिरलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. (सायडर म्हणजे सफरचंदाचा न गाळलेला, न आंबवलेला रस.)

मी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला राहते. सप्टेंबर उलटला की इथे प्रत्येक सफरचंदाच्या बागेबाहेर डोनटची रांग लागते. मीही उभी राहते, खाते, आवडतात. पण डोळे मिटून खा आणि मला सांगा, त्यात सफरचंद कुठे लागतं? लागते ती दालचिनी, साखर आणि तेल. सफरचंदाचं नाव फक्त पाटीवर!

घरी सायडर किती आटवायचं ते आपल्या हातात असतं. गॅलनच्या कॅनमध्ये मिळतं ते गढूळ, तपकिरी, गोड सायडर घ्यायचं. २ कप रुंद पातेल्यात मध्यम आचेवर ठेवलं की वीस-पंचवीस मिनिटांत अर्धा कप उरतं. शेवटी शेवटी बुडबुडे मोठे होतात, सावकाश फुटायला लागतात, चमच्याच्या पाठीवर पातळ थर बसतो. तिथे गॅस बंद. लक्ष नाही दिलं तर साखर न घालताही त्याची जेली होते, सफरचंदातल्या पेक्टिनमुळे. व्हरमाँटमध्ये तर साधारण सात भागांचा एक भाग करून केलेलं काळपट सिरप बाटलीत मिळतं, ते दोन-तीन चमचे घातलं तरी चव बदलते.

मग २ कप मैदा, दीड चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा (आटवल्यावर आंबटपणा एकवटतो, सोडा हवाच), दालचिनी, ताजं किसलेलं जायफळ, ब्राउन शुगर, वितळलेलं बटर, एक अंडं, अर्धा कप ताक आणि ते आटवलेलं सायडर. पीठ कोरडं दिसेनासं झालं की ढवळणं थांबवायचं. साच्यात घालून ३५० फॅरनहाइटला १० ते १२ मिनिटं. बाहेर काढल्या काढल्या वितळलेलं बटर लावून दालचिनी-साखरेत घोळवायचे. यात पथ्य कुठे आहे ते दाखवा मला.

तळणीतला
ते मीच लिहिलं होतं आणि एक शब्द मागे घेणार नाही. ताई, तुमची कृती चांगली असेल, पण डोनटला बाहेरून जो पातळ कुरकुरीत पापुद्रा लागतो तो तेलाशिवाय येत नाही. ओव्हनमध्ये वरचा भाग मऊच राहतो, आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडावा तर साखरेला पाणी सुटून सगळं चिकट गिचगिचीत. बटर लावून घोळवता म्हणजे चरबी वाचली असंही नाही. मग तळायला काय हरकत? तेल ३७५ फॅरनहाइटला ठेवा, पीठ आधी फ्रिजमध्ये गार करा, एका वेळी तीन-चारच सोडा, तेल पीत नाहीत. तेल गार पडलं की पितात, हे आपल्याकडे शंकरपाळी करणाऱ्या कुठल्याही आजीला माहीत आहे.

आणि परंपरा म्हणून काही असतं की नाही? न्यूयॉर्ककडच्या हडसन खोऱ्यातले डच लोक चरबीत कणकेचे गोळे तळायचे, तिथून हे सगळं आलंय. ओव्हन मध्येच कुठून घुसला?

जुनं_पुराणं
परंपरेचं म्हणाल तर जरा थांबा. डच गोळे वेगळे आणि बागेतला सायडर डोनट वेगळा. ॲडॉल्फ लेविट नावाच्या रशियातून आलेल्या ज्यू माणसाने १९२० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये डोनट आपोआप पाडणारं, तळणारं यंत्र काढलं. त्याची कंपनी यंत्रंही विकायची आणि तयार पीठही. त्याच डोनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकाने १९५१ मध्ये "स्वीट सायडर डोनट" बाजारात आणला, फॉलमध्ये खप वाढावा म्हणून. तेव्हा ज्याला तुम्ही आजोबा-पणजोबांची परंपरा म्हणताय ती एका कंपनीच्या जाहिरातीतून वाढलेली आहे. चवीबद्दल भांडा, पण परंपरेची ढाल पुढे करू नका.

तळणीतला
सत्तर वर्षं लोक ऑक्टोबरमध्ये पोरांना घेऊन जाऊन एकच गोष्ट खातायत, त्याला परंपरा नाही तर काय म्हणायचं? आपली पावभाजी तरी कुठे पेशवाईतली आहे?

एडिसनची_वहिनी
तळायचं सगळं ठीक आहे हो, पण अपार्टमेंटमध्ये राहून बघा. मागे दिवाळीचे अनारसे तळताना आमच्या मजल्यावरचा अलार्म वाजला, थंडीत सगळी बिल्डिंग खाली, शेजारची म्हातारी ब्लँकेट गुंडाळून पार्किंगमध्ये उभी आणि सगळे माझ्याकडे बघतायत. चिमणी नावाला आहे, धूर खेचून परत स्वयंपाकघरातच सोडते. तेव्हापासून घरात कढई चढत नाही. ज्यांच्या घराला मागचं अंगण आहे त्यांनी आम्हाला "पथ्याचं" म्हणून हिणवू नये. दालचिनीला माझा पूर्ण पाठिंबा.

ऊन_सावली
नवरात्रात आमच्याकडे अंडं चालत नाही आणि नेमका तेव्हाच सीझन. बागेतल्या डोनटमध्ये अंडं असतं की नाही हे गल्ल्यावरच्या मुलांना धड सांगता येत नाही, एकदा "नाही" सांगून दिलं आणि पाकिटावर अंडं लिहिलेलं निघालं, सासूबाईंनी दिवसभर तोंडात पाणी घेतलं नाही. म्हणून घरीच. अंड्याऐवजी पाव कप घट्ट दही घालते, सोडा आणि दही भिडतात, छान फुगतात. तळायचं पीठ मात्र बिनअंड्याचं तेलात सुटतं, निदान माझं तरी.

पुणेकर_ओटीजी
इथे पुण्यात सायडर मिळत नाही. कार्टनमधलं पारदर्शक ज्यूस आटवलं तर नुसता साखरेचा पाक होतो. त्यापेक्षा सफरचंदं मिक्सरमधून काढून, गाळून, ते आटवलं. पण आपल्याकडे बाजारात बहुतेक डेलिशस जातीची असतात, गोड, आंबटपणा नावाला. हिमाचलची घ्या नाहीतर काश्मीरची, लिंबू पिळल्याशिवाय चव उघडत नाही. साचा नसेल तर मफिनच्या ट्रेमध्ये करा, चवीत काही फरक पडत नाही.

दालचिनी
@पुणेकर_ओटीजी लिंबू अगदी बरोबर. इथे मी मॅकिंटॉश किंवा कॉर्टलंड जातीच्या सफरचंदांचं सायडर शोधते, आंबट-गोड दोन्ही. हनीक्रिस्प खायला उत्तम, पण शिजवण्यात त्याच्यासाठी पैसे ओतणं मला पटत नाही.

बागेतली_बाई
मी हडसन खोऱ्यातल्या एका बागेत ऑक्टोबरभर शनिवार-रविवार गल्ल्यावर बसते, म्हणून आतलं सांगते. आमच्याकडे डोनटच्या तयार मिश्रणाचं पोतं येतं, त्यात पाण्याच्या जागी सायडर पडतं, न आटवलेलं. यंत्र वरून कडं सोडतं, तेलात तरंगत पुढे जातं, अर्ध्यावर एक पत्रा ते उलटं करतो. चव दालचिनीचीच, दालचिनीताई खरं बोलतायत. गर्दीत कुणी पातेल्यात सायडर आटवत बसणार नाही.

पण विषय निघालाच आहे तर मला दुसरंच बोलायचंय. आपले लोक बागेत येतात आणि जे करतात ते बघून मान खाली जाते. अर्ध्या बुशेलची पिशवी, म्हणजे साधारण वीस पौंड, एका कुटुंबाने घ्यायची आणि दहा माणसं आत. झाडाखाली सतरंजी, पुरीभाजीचे डबे, एकेक चावा घेऊन टाकलेली फळं. आणि फळ ओढून तोडतात! फळ तळहातात धरून, जरा फिरवून वर उचलायचं असतं. ओढलं की त्याच्यासोबत फांदीवरचा आखूड फुटवा तुटतो आणि पुढची कित्येक वर्षं तिथे फळ धरत नाही. मालकाने यंदा बाहेरचं खाणं बंद केलं त्याला कारण कोण, हे मला गल्ल्यावरून दिसतं.

नवीमुंबई_टू_जर्सी
आलं परत! कुठलाही धागा असो, शेवट "आपले लोक" वर. गोरी कुटुंबं फांद्यांवर चढून फोटो काढतात, त्यांची पोरं सफरचंदांनी मारामारी करतात, ते दिसत नाही का गल्ल्यावरून? माणशी प्रवेशाचे पैसे घेता, पिशवीचे वेगळे, ट्रॅक्टरच्या गाडीचे वेगळे, आणि वर एक सफरचंद खाल्लं तर चोर? कित्येक बागांत चाखायला चालतं असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

बागेतली_बाई
चाखणं आणि पोट भरणं यातला फरक तुम्हालाही कळतो. आणि फांद्यांवर चढणाऱ्यांना मी स्वतः उतरवते, कातडीचा रंग बघून नाही. हल्लीची झाडं बुटक्या खुंटांवर कलम केलेली असतात, तारेला टेकून उभी, एक माणूस चढला की झाड गेलं. मला वाईट वाटतं ते यासाठी की आपल्याकडच्यांना मराठीत समजावून सांगितलं तरी "आम्ही पैसे मोजलेत" हेच उत्तर येतं.

नवीमुंबई_टू_जर्सी
पैसे मोजलेतच ना? माझे आजोबा जुन्नरकडचे शेतकरी होते, बागेत आलेल्या माणसाला फळ खाल्ल्याशिवाय सोडायचे नाहीत. इथे पोरांना शेत दाखवायला न्यायचं तर आधी कार्ड काढा. माझ्या आईला डायबेटिस आहे, तिच्यासाठी डबा नेला तर दारावर अडवलं आणि आत काय विकत होते, तर तेच साखरेत घोळवलेले डोनट! तिने काय खायचं सांगा.

ऊन_सावली
हे मात्र चूकच झालं. औषधपाण्याच्या माणसाला डबा नेऊ द्यायलाच हवा.

बागेतली_बाई
ते चूकच, आमच्या दारावर असं झालं असतं तर मी भांडले असते. पण तुमच्या आजोबांची बाग पाहुण्यांसाठी उघडी होती, दिवसाला शेकडो अनोळखी माणसांसाठी नव्हती. इथला बागायतदार एका ऑक्टोबरवर वर्ष काढतो. एक रविवार पावसाचा गेला तरी त्याचं गणित बसत नाही.

एडिसनची_वहिनी
अहो डोनटचा धागा आहे हा!! वेगळा धागा काढा ना.

जुनं_पुराणं
एक कामाचं सांगतो, लहान मुलं आहेत त्यांच्यासाठी. बागेतलं कच्चं, पाश्चराइझ न केलेलं सायडर मुलांना प्यायला देऊ नका. १९९६ मध्ये कच्च्या सफरचंद रसातून ई. कोलाय हा पोट बिघडवणारा जंतू पसरला होता, त्यानंतर अमेरिकेत १९९८ पासून अशा बाटल्यांवर इशारा छापणं बंधनकारक झालं. डोनटसाठी आपण ते उकळतोच, त्यामुळे तिथे प्रश्न नाही. म्हणजे हा मुद्दा दालचिनींच्या पदरात पडला.

तळणीतला
उकळायला मीही सांगतो, तळताना सायडर आटवायला कुणी बंदी घातली नाही. बागेतले लोक आटवत नाहीत हे बाईंनी सांगितलं, मानलं. पण त्यातून एवढंच सिद्ध होतं की घरी करावेत. घरी *तळावेत*. तुम्ही आटवण्याचं श्रेय ओव्हनला देताय.

दालचिनी
चला, "बागेत जा नाहीतर करूच नका" वरून "घरी करावेत" पर्यंत आलात, हेही नसे थोडके. आता तळण्याचं. आटवलेल्या सायडरमध्ये साखर एकवटलेली असते, तेलात ते भराभर काळपट होतं आणि आत कच्चं राहतं. म्हणून तळणीत सायडर हात आखडून घालावं लागतं. शिवाय तळायचं पीठ लाटून कापता येईल इतकं घट्ट हवं, माझं सैल चालतं, जास्त ओलावा मावतो. ओव्हनला श्रेय आहे ते याचं.

तळणीतला
काळपट होतात हे खरं आहे. ३६० वर ठेवले तर जमतात, पण मग थोडं तेल पितात, तेही खरं. पापुद्र्याचं मात्र तुम्ही उत्तर दिलेलं नाही.

दालचिनी
पापुद्रा तळणीसारखा येत नाही, नाहीच. कडा हव्या असतील तर साचा गडद रंगाचा घ्या, बटर भरपूर लावा, खण दोन तृतीयांशच भरा, कडेने छान तांबूस होतात. आणि साखरेला पाणी सुटतं म्हणालात ते गरम असताना झाकण लावल्यामुळे. जाळीवर पूर्ण गार होऊ द्या. दुसऱ्या दिवशी खायचे असतील तर साधेच ठेवा, खायच्या वेळी जरा गरम करून, बटर लावून तेव्हा घोळवा.

तळणीतला
ठीक आहे, शनिवारी एकाच सायडरमधून दोन्ही करतो, निम्मे ओव्हनमध्ये, निम्मे तेलात, आणि बायकोला न सांगता समोर ठेवतो. फोटो टाकीन. पण "पथ्याचं" हा शब्द तोवर राहील. साचा सहा खणांचा पुरतो का?

दालचिनी
दोन घ्या. पीठ थांबलं की सोडा बसतो, दुसरा घाणा फुगत नाही.

नवीमुंबई_टू_जर्सी
आणि डब्याचं काय? मालकाला सांगणार का कुणी?

बागेतली_बाई
मी सांगते. या सोमवारी सुट्टीची गर्दी संपली की बसून बोलते त्याच्याशी, आजारी आणि वयस्कर माणसांना डबा नेऊ द्यावा म्हणून. तुम्ही तुमच्या ग्रुपमध्ये फळ फिरवून तोडायचं तेवढं सांगा.