मदत हवी आहे: क्रॉस बेडिंग ईशान्य सांगतंय, रिपल उत्तर, मग पाणी वाहत कुठे होतं?

कच्ची_वाळू:
नमस्कार मंडळी, एमएस्सीचं प्रोजेक्ट आहे, वालुकाश्माच्या एका सेक्शनवरून जुन्या नदीच्या प्रवाहाची दिशा काढायचीये आणि गेले चार दिवस डोकं फिरलंय. क्रॉस बेडिंगच्या (मुख्य थराच्या आतले तिरपे थर) फोरसेटची, म्हणजे त्यातल्या एकेका तिरप्या पापुद्र्याची, 26 रिडिंग्ज घेतली, त्यातल्या 18 ची डिप डायरेक्शन (उतार कुठल्या दिशेला, उत्तरेपासून अंशांत) 35 ते 60 मध्ये पडते म्हणजे सरळ ईशान्य, आणि उरलेली 8 कुठेही, काही पूर्वेला काही पार वायव्येला. पण त्याच थरांवर रिपल मार्क्स (पाण्याने वाळूवर उठवलेल्या छोट्या लाटांच्या खुणा) आहेत, एकदम छान, एक बाजू लांब उताराची आणि एक तीव्र, आणि तीव्र बाजू सगळीकडे उत्तरेला. तीव्र बाजू प्रवाह जातो तिकडे असते ना, की मी उलटं शिकले? सरांना विचारलं तर म्हणाले दोन्हीतलं एक चुकतंय, शोध. शोधतेच आहे हो, पण कुठे?
थर पूर्वेला 25 अंश कललेत, ते सगळीकडे सारखंच आहे म्हणून त्यात फार लक्ष घातलं नाही.

जुना_कंपास:
शेवटचं वाक्य परत वाच 😄 तिथेच घोळ आहे. वाळू साचली तेव्हा थर आडवे होते, नंतर कलले, आणि त्यांच्याबरोबर फोरसेटही फिरले. तू मोजलास तो आजचा कल, प्रवाहाच्या वेळचा नाही. स्टिरिओनेटवर (प्रतलांचे कोन मांडायचं गोल जाळं) आधी थर आडवा कर, म्हणजे थराच्या स्ट्राइकभोवती (कललेल्या थरावरची आडवी रेषा) 25 अंश उलटं फिरव, फोरसेटचा पोलही (त्याला काटकोनात असलेली रेषा) तेवढाच फिरव आणि मग दिशा वाच. एक रिडिंग दे, करून दाखवतो.

कच्ची_वाळू:
फोरसेट 34 अंश, दिशा 050.

जुना_कंपास:
फिरवल्यावर येतं 21 अंश, दिशा 006. ईशान्येचं उत्तर झालं, 44 अंशांचा फरक! आणि तुझे रिपल बरोबरच होते, तीव्र बाजू प्रवाहाच्याच दिशेला. त्यांची कड (माथ्याची रेषा) थराच्याच पृष्ठावर असते ना, त्यामुळे 25 अंशाच्या कलाने तिची दिशा फार तर तीनेक अंश हलते. तुझ्या केसमध्ये तर कड पूर्व-पश्चिम, म्हणजे थराच्या कलाच्याच रेषेत, ती अजिबात हलत नाही. म्हणून रेषा असेल तर थोड्या कलाकडे दुर्लक्ष खपतं, फोरसेटसारखी प्रतल असेल तर नाही.

कच्ची_वाळू:
अरे देवा. ट्रेसिंग पेपर घेऊन बसले, 18 ची 18 फिरवली, सगळी 345 ते 020 मध्ये आली, आनंदाने एक्सेलला अॅव्हरेज विचारला तर म्हणतो 202. दक्षिण!! आता काय?

दगडधोंडे:
हा हा, इथे प्रत्येकजण एकदा पडतो. 350 आणि 10 ची साधी सरासरी काढ, 180 येते, आणि मध्य तर 0 आहे. दिशांची बेरीज अशी करत नाहीत. प्रत्येक दिशेचा साइन आणि कोसाइन काढ (आधी रेडियनमध्ये कर, एक्सेलला अंश कळत नाहीत), दोन्हींची वेगवेगळी बेरीज कर आणि मग एटॅन2 (ATAN2, या दोन बेरजांवरून कोन देणारं फंक्शन). एक्सेलमध्ये त्यात आधी कोसाइनची बेरीज आणि मग साइनची, बाकी बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत बरोबर उलटं, मी यावर एक अख्खी संध्याकाळ घालवलीये. उत्तर परत अंशात आण, उणे आलं तर 360 मिळव. दोन्ही बेरजांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढ आणि रिडिंग्जच्या संख्येने भाग, 1 च्या जवळ आलं तर दिशा एकवटलेली, 0 च्या जवळ तर पसरलेली.
त्या 8 चं काय? ट्रफ प्रकारचं क्रॉस बेडिंग आहे का तिथे?

कच्ची_वाळू:
हो, खालच्या भागात चमच्यासारखे वळलेले थर आहेत. ती आठही तिथलीच, आणि त्यातली तीन तर सरळ उभ्या भिंतीवरून घेतली, वरचा पृष्ठ दिसतच नव्हता.

जुना_कंपास:
मग ती चुकीची नाहीत, चुकीच्या जागची आहेत. ट्रफच्या दोन्ही कडांचे फोरसेट मधल्या अक्षाकडे झुकतात, प्रवाहाकडे नाही. वरून आडवा छेद कुठे उघडा असेल तर बघ, कमानींच्या ओळी दिसतील, त्यांची पोकळ बाजू प्रवाह जातो तिकडे. त्या ट्रफचा अक्ष मोज, एकच रिडिंग पण लाखाचं. आणि उभ्या भिंतीवर दिसतो तो नुसता आभासी कल, खऱ्यापेक्षा कमीच असतो, कोनात असलेल्या दोन भिंतींवर मोजलंस तरच खरा कल निघेल.

कच्ची_वाळू:
एटॅन2 ने 002 आलं!! रिपलशी जुळलं. ती तीन रिडिंग्ज कोपऱ्याच्या दुसऱ्या भिंतीवर परत घ्यायला रविवारी जातेय, बाकीच्या पाचांपुढे वहीत 'ट्रफ, कड' लिहून ठेवलंय, खोडत नाही.

दगडधोंडे:
जाताना कंपासचं डेक्लिनेशन (चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक) सेट आहे का तेही बघ, नाहीतर सोमवारी नवा धागा काढशील.