मदत हवी आहे: सूत खरेदी, माग आणि कंटेनर, तिन्हीचं प्लॅनिंग एकत्र कसं बसवायचं?

ताणाबाणा_सोलापूर

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे, अण्णांनी उभा केलेला, आता प्लॅनिंग बरंचसं माझ्याकडं आलंय. निम्म्याहून जास्त माल न्हावा शेवा बंदरातून परदेशी जातो.

अडचण अशी आहे की सूत खरेदी काका बघतात, रेट पडला की गाडी भरून सूत घेतात कारण थोडं थोडं घेतलं तर दलाल किलोमागं जास्त लावतो. डाईंग मास्तर म्हणतात शेड (रंगछटा) लावली की पूर्ण बॅचच काढणार, उरलेली अर्धी नंतर काढली तर शेड जुळत नाही. जॉबर (मागांवरचा मुकादम) म्हणतो बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, चढवलंय तर संपेपर्यंत तीच साईज चालू दे. डिस्पॅचवाला कंटेनर भरल्याशिवाय हलवत नाही. प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबरच आहे हो, पण महिनाअखेरीला गोडाऊनमध्ये मरून रंगाच्या टॉवेलची थप्पी पडलेली असते आणि ज्या फिकट निळ्या मालासाठी गिऱ्हाईक रोज फोन करतंय त्याचं सूत अजून डाईंगलाच असतं. बँकेच्या सीसीचं (कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज चालूच.

म्हणून एक्सेलमध्ये सॉल्व्हर (अटी पाळून सगळ्यात स्वस्त प्लॅन शोधणारं टूल) लावला. १२ शेड, ५ साईज, ८ आठवडे धरले तर कुठल्या आठवड्यात काय किती विणायचं एवढ्याचेच ४८० व्हेरिएबल (सॉल्व्हरनं ठरवायचे आकडे) झाले आणि एक्सेलबरोबर येणारा सॉल्व्हर २०० च्या वर घेतच नाही. मग चारच शेड ठेवून चालवला तर मॉडेल लिनिअर (सरळ प्रमाणात वाढणारं) नाही म्हणून अडतो. बीम बदलायचा खर्च मी इफचं (जर-तरचं) सूत्र लावून टाकलाय, साईज त्या आठवड्यात लागली तर खर्च, नाहीतर शून्य, बहुतेक तिथंच घोळ असावा.

तर हे सगळं एकाच मॉडेलमध्ये घालायचं का खरेदी, उत्पादन, डिस्पॅच वेगवेगळं सोडवायचं? आणि जानेवारीत गड्डा यात्रा, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव, त्या दिवसांत कामगार कमी असतात, ते कसं दाखवायचं? महागडं सॉफ्टवेअर परवडणार नाही. कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर प्लीज सांगा, मनापासून विचारतोय.

गणितप्रेमी_पुणे

दादा, घोळ इफमध्येच आहे. प्रत्येक साईज-आठवड्याला ० किंवा १ असा एक व्हेरिएबल घ्या, लागली तर १. मग अट लिहा: त्या साईजचं त्या आठवड्याचं उत्पादन ≤ कमाल क्षमता × तो ०-१ आकडा. खर्चात बीम बदलायचे रुपये त्याच आकड्याला गुणा. फक्त कमाल क्षमता म्हणून दहा लाख वगैरे टाकू नका, आठवड्यात खरोखर जेवढं विणता येईल तेवढंच टाका, नाहीतर सॉल्व्हर तासन्‌तास फिरत बसतो. सुट्ट्यांचंही इथंच होतं, गड्ड्याच्या आठवड्याची क्षमता कमी लिहायची, वेगळं काही नाही.

मॉडेल एकच ठेवा. आधीचा साठा + तयार झालेला माल − पाठवलेला माल = उरलेला साठा, हे समीकरण सुताला, रंगवलेल्या सुताला आणि टॉवेलला वेगवेगळं लिहायचं, म्हणजे तिन्ही खाती आपोआप एकमेकांना बांधली जातात. वेगवेगळं सोडवलंत तर आत्ता जे होतंय तेच कॉम्प्युटरवर होईल. ओपनसॉल्व्हर एक्सेलमध्येच बसतो, फुकट आहे, २०० ची मर्यादा नाही. पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिता येत असेल तर पल्पमध्ये मॉडेल लिहा आणि हायग्ज या सॉल्व्हरनं सोडवा, दोन्ही फुकट. उत्तर सर्वोत्तमाच्या २ टक्क्यांच्या आत आलं की थांबवा, तुमच्या डिमांडचा अंदाजच तेवढा अचूक नसतो.

आणि हा प्रश्न जुना आहे. १९३८ च्या सुमाराला लेनिनग्राडला कांटोरोविच या गणितज्ञाकडे प्लायवूडवाले असंच विचारायला आले होते, कुठल्या मशीनवर कुठलं लाकूड किती चालवायचं, त्यातनंच लिनिअर प्रोग्रॅमिंगची, म्हणजे तुम्ही सॉल्व्हरला सोडवायला देताय त्या गणिताची, सुरुवात झाली आणि १९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल कांटोरोविचना अर्थतज्ज्ञ कूपमान्सबरोबर मिळालं.

इचलकरंजीकर

वरचं बरोबर आहे, थोडं कारखान्यातलं सांगते. रंगांचा क्रम या मॉडेलमध्ये घालू नका. फिकटावरून गडदकडं जायला सोपं, उलट जायचं तर मशीन धुवावी लागते, हा हिशोब घातला की मॉडेल फार जड होतं. आठवड्यात कुठल्या शेड घ्यायच्या तेवढं मॉडेल सांगेल, क्रम मास्तरांना लावू द्या, त्यांच्याइतका चांगला कुणी लावणार नाही.

दुसरं, सेफ्टी स्टॉक (अडीअडचणीचा जादा साठा) ठेवायचा तर कच्च्या सुतात ठेवा. कच्चं सूत कुठल्याही शेडला जातं, मरून रंगवलं की ते मरूनच. काकांच्या गाडीभर खरेदीला विरोध करायची गरज नाही, ते रंगवायची घाई थांबवा.

कंटेनर वजनावर मोजू नका, टॉवेल जागेनं भरतात, घनमीटर धरा. किती कंटेनर हा आकडा पूर्णांकच हवा, आणि शेजारी थोडा माल दुसऱ्यांच्या मालाबरोबर पाठवायचा जादा दर ठेवा, मग थांबायचं का पाठवायचं हे मॉडेलच ठरवेल. दर सोमवारी नव्या ऑर्डरी घालून पुन्हा चालवा पण पहिले दोन आठवडे गोठवून ठेवा, नाहीतर मागावरची माणसं वैतागतात.

ताणाबाणा_सोलापूर

ताई, दादा, लई आभार. कच्च्या सुताचं तर आज रात्रीच काकांशी बोलतो. ओपनसॉल्व्हर टाकलाय, चार शेडवर इफ काढून चालवला, उत्तर आलं! मरून पहिल्या तीन आठवड्यांत घेतलेलंच नाही त्यानं. एकच अडलंय, आठवडा संपताना बीम अर्धंच संपलेलं असतं आणि पुढच्या आठवड्यात तीच साईज पुढं चालू राहते, तरी मॉडेल बीम बदलायचा खर्च परत लावतंय. तो कसा काढायचा?