कोट्यवधी कमावणारे खेळाडू-कलाकार घरी खरंच रांधतात का?

सुनेत्रा_डोंबिवली:
रविवारी जेवताना घरात चांगलंच वाजलं. ऋषभ पंतसाठी लखनौने आयपीएलच्या लिलावात 27 कोटी मोजले, तो विषय निघाला. दीर म्हणाले, या लोकांना नको तेवढा पैसा मिळतो आणि घरी पाण्याचा पेलासुद्धा कुणीतरी हातात आणून देतं. सासूबाई म्हणाल्या, सगळ्यांना एका माळेत ओवू नका, आशाताई भोसल्यांच्या हातची बिर्याणी विचारा सिनेमावाल्यांना. माझा प्रश्न एवढाच: कॅमेरा आला की कढईत चमचा फिरवणारे सोडून द्या. स्वयंपाकात ज्यांचा हात खरोखर बसलेला आहे असे कोण? आणि ते ओळखायचं कशावरून?

खानावळवाली_कोल्हापूर:
सुनेत्राताई, सासूबाईंचं खरं आहे. मी खानावळ चालवते. कोण किती छान बोलतं यापेक्षा कोण काय रांधतं, यावरून मला हात कळतो. आशाताईंच्या कढाई गोश्तला आणि बिर्याणीला मागणी असायची हे बहुतेकांना माहीत आहे. पण सिनेमातल्या कपूरांच्या घरी त्यांच्या हातच्या ज्या पदार्थांची वाखाणणी व्हायची त्यात पाया (खुरांचा रस्सा) आहे, आणि माझ्या दृष्टीने तिथेच निकाल लागतो.

पाया कुणाला दाखवण्यासाठी होत नाही. खूर जाळावर धरून केस जाळायचे, सुरीने खरवडायचे, हळद आणि गव्हाचं पीठ चोळून धुवायचे. तरी वास राहिला तर पुन्हा धुवायचे. मग मंद आचेवर तास न् तास. रस्सा बोटाला चिकटायला लागला की समजायचं झालं. घाईने उतरवलात तर नुसतं मसाल्याचं पाणी. ज्याला निवांत उभं राहायचा कंटाळा आहे त्याने या वाटेला जाऊच नये, आणि ज्याचा पाया लोक पुन्हा मागतात त्याला आणखी कसलं प्रमाणपत्र नको.

दुसरं म्हणजे, आशाताईंनी हे सुखवस्तू झाल्यावर छंद म्हणून धरलेलं नाही. सोळाव्या वर्षी लग्न, पुढे दोन मुलं हाताशी आणि तिसरं पोटात असताना माहेरी परत, आणि गाऊन त्या तिघांना वाढवलं. गायिका झाले नसते तर चार घरी स्वयंपाक करून पैसे मिळवले असते, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं आहे. ते मी अक्षरशः खरं मानते. चार घरी स्वयंपाक करणाऱ्या बायका माझ्याकडे कामाला आहेत, ते काम काय असतं मला ठाऊक आहे. 2002 मध्ये दुबईत ‘आशाज’ निघालं तेव्हा तिथल्या आचाऱ्यांना त्यांनी स्वतः शिकवलं. नुसतं पाटीवर नाव देऊनही भागलं असतं की! अशा बाईला जास्त पैसे मिळाले असं कुणी म्हटलं तर मला मनापासून राग येतो.

खानदेशी_वांगं:
सचिन राहिला. वांग्याचं भरीत हा त्याचा हातखंडा पदार्थ. 2017 च्या 31 डिसेंबरला मित्रांसाठी त्याने स्वतः स्वयंपाक केला, त्याचा व्हिडिओही टाकला होता. मुंबईत त्याच्या नावाचं हॉटेल निघालं होतं, पण ते वेगळं. हॉटेल चालवायला पैसा लागतो, भरिताला नाक लागतं. वांगं आतपर्यंत भाजलं गेलं की वास बदलतो, साल सुटते, देठापाशी पाणी येतं. आमच्याकडे जळगावची हिरवी-पांढरट भरिताची वांगी काड्यांवर भाजतात, 2016 मध्ये त्यांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. मुंबईच्या गॅसवर ती चव यायची नाही, पण माणूस भरीतच निवडतो यातच आलं सगळं.

ब्रिस्बेनकर:
आमच्या क्वीन्सलँडचा, ऑस्ट्रेलियाचा सलामीवीर मॅथ्यू हेडन विसरू नका. किंगरॉयचा, भुईमुगाच्या गावचा गडी. दौऱ्यावर संघातल्यांना रांधून घालायचा आणि खेळत असतानाच 2004 मध्ये पाककृतींचं पुस्तक काढलं. त्याच्या आदल्याच वर्षी पर्थच्या कसोटीत 380 धावा केल्या होत्या, म्हणजे नाव कमवायला पुस्तकाची गरज नव्हती. 2009 च्या आयपीएलमध्ये 572 धावा करून सर्वाधिक धावांची ऑरेंज कॅप घेतली ती चेन्नईसाठी, त्यामुळे भारतातलं जेवणही त्याला परकं नाही.

रणजी_प्रेक्षक:
स्वयंपाक येतो म्हणून 27 कोटी रास्त ठरत नाहीत, हे दोन वेगळे मुद्दे आहेत. सुनेत्राताई, तुमच्या दिरांना एवढंच सांगा की तो आकडा वरच्या मोजक्यांचा आहे. 2021 मध्ये वाढ झाली तेव्हा चाळीसपेक्षा जास्त रणजी सामने खेळलेल्याला दिवसाला 60 हजार ठरले, तेही सामना असेल त्याच दिवशी. बाकी वर्षभर बरेच जण नोकरी सांभाळून सराव करतात. त्यांच्यातले कितीतरी घरी पोळ्या लाटत असतील, त्यांचे व्हिडिओ कोण काढतो?

खानावळवाली_कोल्हापूर:
@रणजी_प्रेक्षक, पैशांचं तुमचं मान्य. पण मूळ प्रश्न हाताचा होता. पैसा आला की पहिल्यांदा सुटतो तो स्वयंपाक, हे मी आजूबाजूच्या घरांत बघते. म्हणून ज्यांचा सुटला नाही त्यांचं मला कौतुक.

सुनेत्रा_डोंबिवली:
सगळ्यांचे आभार. दिरांना वाचून दाखवलं. 60 हजारांवर गप्प झाले, 27 कोटींवर अजून ठाम आहेत. ताई, आता सासूबाईंनी पुढच्या रविवारी पाया करायचा घाट घातलाय. फ्लॅटमध्ये केस जाळायचे कसे? वासाने शेजारचे दार वाजवतील.

खानावळवाली_कोल्हापूर:
घरी जाळूच नका. मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, तो भाजून, खरवडून, दोन-दोन तुकडे करून देतो. घरी फक्त पीठ-हळद लावून धुवा, आणि पहिली उकळी आली की ते पाणी ओतून द्या. कुकर लावलात तरी शिट्ट्या झाल्यावर उघडून तासभर मंद गॅसवर राहू द्या. खोबरं घालायचं तर भाजून, अगदी थोडं. माणसं किती आहेत ते कळवा, मसाल्याचं माप सांगते.