स्प्रेडशीटमधले ३,५०० बिंदू वेब-नकाशावर आणायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

अक्षवृत्त:
एका स्प्रेडशीटमध्ये ३,५०० जागांची नावं, अक्षांश, रेखांश, प्रकार आणि मराठीत दोन ओळींची माहिती आहे. बिंदूवर क्लिक केलं की माहिती उघडावी आणि प्रकारानुसार बिंदू दाखवता-लपवता यावेत, एवढंच हवं आहे. क्यूजीआयएस (नकाशांचा डेटा हाताळायचं सॉफ्टवेअर) आणि लीफलेट (वेब-नकाशाची जावास्क्रिप्ट लायब्ररी) वापरून पाहिलं. तीन अडचणी आल्या: बहुतेक बिंदू भलत्याच खंडात जातात, मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात आणि पान उघडल्यावर नकाशा येतो पण बिंदू येत नाहीत. थोडंफार जावास्क्रिप्ट येतं.

रेखांश७५:
आधी डेटा नीट करा, कोड नंतर. बिंदू भलतीकडे जातात कारण अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झालेली असते. क्यूजीआयएसमध्ये 'डिलिमिटेड टेक्स्ट लेयर' जोडताना एक्स म्हणजे रेखांश आणि वाय म्हणजे अक्षांश. बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो, म्हणून इथे हमखास चूक होते. जिओजेसनमध्येही, म्हणजे वेब-नकाशासाठी बिंदू साठवायच्या फाइलमध्येही, रेखांशच आधी लिहितात. नकाशाचा मध्य ठरवणाऱ्या लीफलेटच्या सेटव्ह्यूला मात्र अक्षांश आधी लागतो!

काही बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात दिसत असतील, तर त्या ओळींत शून्य भरलेलं आहे. तिथे ०, ० हा बिंदू येतो. अंश-मिनिटं-सेकंद असतील तर मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३,६०० ने भागून अंशांत मिळवा. सहा-सात आकडी संख्या दिसल्या तर ते बहुधा यूटीएमचे (झोननुसार मीटरमध्ये जागा मोजायच्या पद्धतीचे) मीटर आहेत; योग्य झोन निवडून ईपीएसजी ४३२६ मध्ये, म्हणजे नेहमीच्या अक्षांश-रेखांशात, रूपांतर करा.

प्रश्नचिन्हं येतात ती स्प्रेडशीट सीएसव्ही (साधी मजकूर-फाइल) म्हणून जतन करताना. तिथे 'यूटीएफ-८' हे अक्षरांचं एन्कोडिंग निवडा. एकदा प्रश्नचिन्हं झालेली अक्षरं परत येत नाहीत, त्यामुळे मूळ फाइलवरूनच पुन्हा सुरुवात करावी लागेल. जिओजेसन काढताना कोऑर्डिनेट प्रिसिजन (दशांश स्थळं) ६ ठेवा. सहावा दशांश म्हणजे जमिनीवर साधारण ११ सेंटीमीटर. त्यापुढचे आकडे फक्त फाइल फुगवतात.

टाइल_आणि_थर:
तिसरी अडचण ब्राउझरच्या सुरक्षेची आहे. पान डबल-क्लिक करून उघडलं की पत्ता 'फाइल'ने सुरू होतो आणि फेच या जावास्क्रिप्ट आज्ञेने शेजारची जिओजेसन वाचायला ब्राउझर नकार देतो. त्या फोल्डरमध्ये पायथनचा एचटीटीपी सर्व्हर सुरू करा आणि लोकलहोस्टच्या ८००० क्रमांकाच्या पोर्टवर पान उघडा.

नकाशाच बिलकुल दिसला नाही तर नकाशाच्या डिव्हला (पानावरच्या चौकटीला) उंची दिलेली नसते. टाइल्स (नकाशाचे चौकोनी तुकडे) पानभर विस्कटल्या तर लीफलेटची सीएसएस फाइल जोडायची राहिली आहे. टॅबमध्ये लपलेला नकाशा उघडल्यावर अर्धा करडा दिसला, तर टॅब उघडल्यानंतर लीफलेटचं इनव्हॅलिडेटसाइझ चालवा, म्हणजे नकाशा आपला आकार पुन्हा मोजतो.

एवढे बिंदू साध्या मार्करने दाखवले तर फोनवर नकाशा अडखळतो. जवळचे बिंदू आकडा असलेल्या एका गोळ्यात (क्लस्टरमध्ये) गोळा करणारं मार्करक्लस्टर प्लगइन वापरा, किंवा सर्कलमार्कर (साधे गोल ठिपके) घेऊन लीफलेटचा प्रेफरकॅनव्हास हा पर्याय चालू करा. आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या टाइल्स वापरणार असाल तर कोपऱ्यातलं श्रेय काढू नका. ते परवान्यानुसार बंधनकारक आहे, आणि ज्यांनी हा नकाशा रेखला त्यांचं आपण तेवढं देणंही लागतो.

अक्षवृत्त:
सर्व्हर सुरू केल्यावर बिंदू दिसले, धन्यवाद! पण प्रत्येक प्रकाराचा वेगळा क्लस्टर केला तर गोळे एकमेकांवर चढतात.

टाइल_आणि_थर:
क्लस्टर एकच ठेवा. फीचरग्रुप-सबग्रुप हे प्लगइन जोडून प्रत्येक प्रकाराचा उपगट त्या एका क्लस्टरखाली तयार करा आणि लेयर कंट्रोलला (थर दाखवायच्या-लपवायच्या चौकोनांच्या यादीला) उपगट द्या, क्लस्टर नाही. चौकोनातली खूण काढली की तेवढेच बिंदू जातात आणि गोळ्यातला आकडा आपोआप बदलतो.

रेखांश७५:
कोड सांभाळायची इच्छा नसेल तर यूमॅप हे कोडशिवाय नकाशा बनवायचं संकेतस्थळही पाहा. तिथे सीएसव्ही थेट आयात होते. स्तंभांची नावं 'लॅट' आणि 'लॉन' अशी रोमन लिपीत ठेवा. प्रत्येक प्रकाराचा वेगळा थर केलात तर दाखवणं-लपवणं लगेच जमतं.